एकट्या पाहुण्याचा हिशेब

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुठल्याही रिसॉर्टला किंवा फार्महाउसला फोन लावा. नाव-गाव विचारायच्या आधी पहिला प्रश्न येतो, 'किती जण?' 'मी एकटाच' किंवा 'एकटीच' म्हटलं की पलीकडचा आवाज अडखळतो. मग ठरलेल्या तीन उत्तरांपैकी एक मिळतं. 'आम्ही स्टॅग घेत नाही.' 'चालेल, पण कपलचे पूर्ण पैसे पडतील.' किंवा 'मालकांना विचारून कळवतो', आणि ते कळवणं काही होत नाही. हाच माणूस कर्जतहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरला, टॅक्सीने बॅलार्ड पिअरला गेला आणि गोव्याच्या क्रूझवर चढला, तर तो एकटा आहे याची कोणी दखलही घेत नाही. आधार कार्ड दाखवायचं, बॅग सोपवायची, आत जायचं. मी दोन्हीकडे नोकरी केली आहे. आधी परदेशी क्रूझच्या हॉटेल विभागात आणि नंतर इथे, कर्जत-खालापुरातल्या पाहुणचाराच्या धंद्यात. त्या कामातून बनलेलं मत असं की, एकट्याने सुटी घालवायला जहाज ही फार चांगली जागा आहे. ते ज्या कारणांनी चांगलं ठरतं त्यातली बहुतेक कारणं आपल्या पट्ट्यातही हजर आहेत. तरीही आपण एकट्या पाहुण्याला परत पाठवतो, त्यात भीतीचा वाटा आहेच, पण हिशेब नीट न मांडण्याचा वाटा त्याहून मोठा आहे.

जहाजावर एकट्याला बरं का वाटतं, हे आधी पाहू. एरवीच्या प्रवासात एकट्यावर सगळ्याच गोष्टींचा भार येतो. बॅग कोणाकडे ठेवून तिकीट काढायचं, कुठलं हॉटेल धड असेल, रात्री जेवायला कुठे जायचं, चुकलं तर विचारायचं कोणाला. जहाजावर सामान एकदाच उघडायचं असतं. गाव बदलतं, खोली बदलत नाही. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम छापलेला कागद रात्री खोलीत येऊन पडतो, त्यातलं हवं ते करावं, नको ते सोडावं. खरी कारागिरी दिसते ती रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर. जुन्या पद्धतीच्या जहाजांवर जेवणाच्या दोन पाळ्या असतात आणि प्रत्येकाचं टेबल ठरलेलं असतं. प्रवासी चढण्याआधी डायनिंग रूमचा प्रमुख आसनांचा नकाशा पुढे घेऊन बसतो आणि एकट्या प्रवाशांना सहा-आठ जणांच्या टेबलावर पेरतो. मधुचंद्राला आलेल्या जोडप्याशेजारी एकट्याला बसवायचं नाही, दोन अनोळखी एकट्यांना दोघांच्याच टेबलावर समोरासमोर कोंडायचं नाही, भाषा आणि वय जुळतंय का पाहायचं, आणि पहिल्या रात्रीनंतर कोणी हळूच टेबल बदलून मागितलं तर का म्हणून विचारायचं नाही. प्रवाशाला यातलं काहीच कळत नाही. त्याला एवढंच जाणवतं की, जेवताना सोबत मिळाली आणि जेवण झाल्यावर ती सोबत मागे लागली नाही. हवी तेव्हा माणसं आणि नको तेव्हा दार बंद, ही सोय एकट्या माणसाला घरातही सहसा मिळत नाही.

पण म्हणून क्रूझ कंपन्या एकट्यांच्या फार कैवारी आहेत असं समजू नये. जहाजाच्या केबिनचा दर दोन माणसं धरून छापलेला असतो. एकटा आला की त्याच्याकडून 'सिंगल सप्लिमेंट' घेतात. काही ठिकाणी दीडपट, तर काही ठिकाणी सरळ दोघांचे पैसे. त्यामागचा हिशेब कोरडा आहे. भाड्यावर जहाजाचं भागत नाही. दारू, कॅसिनो, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली यांवर प्रवासी जे उडवतात त्यातून नफा निघतो. केबिनमध्ये एकच माणूस राहिला की दुसऱ्याचं भाडंही गेलं आणि वरचा खर्चही गेला. तरीही या धंद्याला एक गोष्ट उमगली. घटस्फोटित, विधुर, विधवा, अविवाहित, जोडीदाराला रजा न मिळालेले अशा लोकांची संख्या वाढते आहे, त्यांच्या हातात पैसा आहे, आणि दुप्पट भाड्यामुळे ते घरी बसतात. २०१० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'नॉर्वेजियन एपिक' हे जहाज आणलं तेव्हा त्यात एकट्यासाठी म्हणून १२८ छोट्या स्टुडिओ केबिन बांधल्या. जेमतेम शंभर चौरस फुटांची खोली, एकाचंच भाडं, आणि फक्त या केबिनवाल्यांसाठी एक सामायिक बैठकीची खोली. पुढे इतर कंपन्यांनीही एकट्यांच्या केबिन काढल्या. कोणाला एकट्यांची दया आली म्हणून हे घडलं नाही. नेहमीच्या साच्यात न बसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी साचाच बदलला तर ते गिऱ्हाईक येतं, हे कळलं म्हणून घडलं.

'हे सगळं गोऱ्या लोकांचं. आपल्याकडे एकट्याने हिंडायची रीत नाही' हा आक्षेप इथे हमखास येतो. तो तपासून पाहिला तर टिकत नाही. आपल्या किनाऱ्यावर बोटी चालत होत्या तेव्हा तिकीट माणशी होतं, जोडीचं नव्हतं. मोगल लाइन्सच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटींच्या डेकवर वळकटी पसरून झोपणाऱ्यांत मुंबईच्या नोकरीवर एकटे परतणारे असत, आणि सामानाजवळ बसलेलं शेजारचं कुटुंब त्यांची सोबत असे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा सुरू झालेल्या 'आंग्रिया' जहाजावरही खोल्यांबरोबर डॉर्मिटरीतल्या खाटा होत्याच. वारीला एकटा निघालेला माणूस कुठल्या तरी दिंडीत सामावतो; त्याला कोणी 'जोडीदार कुठे' म्हणून विचारत नाही, आणि पंगतीत त्याच्या पानाला दुप्पट पैसे लागत नाहीत. नर्मदा परिक्रमेला एकटे जाणारे तर गावोगाव आहेत. अलीकडचं बोलायचं तर केसरीची 'माय फेअर लेडी' आणि वीणा वर्ल्डची 'विमेन्स स्पेशल' या सहलींनी नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय निघणाऱ्या मराठी बायकांची मोठी बाजारपेठ उभी केली. तेव्हा रीत आहेच. जोडीच्या खोलीत सुटी मोजायची सवय मात्र अलीकडची, आणि ती हॉटेलच्या दरपत्रकातून आली आहे.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहू. कर्जत सीएसएमटीपासून रेल्वेने १०० किलोमीटरवर आहे आणि लोकल थेट येते. पुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीपर्यंत जाते. मुंबईच्या एकट्या माणसाला गाडी चालवायची गरज नाही, घाटाची चिंता नाही. एका खोलीत बॅग टाकावी आणि रोज एकेक ठिकाण करून परत यावं, अशी या भागाची रचनाच आहे. एके दिवशी कोंदिवडेवरून कोंडाण्याची लेणी, दुसऱ्या दिवशी नेरळहून १९०७ पासून चालत आलेल्या छोट्या गाडीने माथेरान (पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ती बंद असते, हे ध्यानात ठेवून), तिसऱ्या दिवशी खालापूर तालुक्यातला महडचा वरदविनायक. जेवणखाण राहण्याच्या दरातच धरलेलं असतं, म्हणजे संध्याकाळी कुठे जेवावं हा एकट्याचा सगळ्यात कंटाळवाणा प्रश्नही सुटतो. नेरळच्या सगुणाबागेसारख्या जुन्या कृषिपर्यटन केंद्राने शेत, तळं आणि जेवण एकत्र बांधून विकता येतं हे दाखवल्याला बराच काळ लोटला, आणि २०२० मध्ये राज्याने कृषिपर्यटनाचं धोरणही आणलं. बंदिस्त आवार, बांधलेला दर, तयार जेवण आणि रोज वेगळी वाट. जहाज जे विकतं तेच आपण विकतो. रिसॉर्ट म्हणजे नांगर टाकून उभं असलेलं जहाजच.

आणि तरी आपलं दरपत्रक एकट्याला बाहेर ठेवतं. आकडे मांडून बघू. आकडे समजुतीपुरते आहेत, पण प्रमाण या धंद्यातल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. समजा, ट्विन शेअरिंगचा दर माणशी ३५०० रुपये, जेवणासकट. म्हणजे खोलीमागे ७०००. एका माणसाचा नाश्ता, दोन जेवणं, चहा-भजी यांचा खर्च समजा ८००. शनिवारी एकट्याला खोली दिली तर मालकाचे हे ८०० वाचतात. तेव्हा न्याय्य दर ६२०० होतो, ७००० नाही. हा झाला शनिवार. पण कर्जतचा खरा प्रश्न मंगळवारचा आहे. शनिवारी-रविवारी चौक रस्त्यापासून कशेळेपर्यंत खोली मिळत नाही आणि सोमवार ते गुरुवार आवारात माळी आणि कुत्रं यांच्याशिवाय कोणी नसतं. मंगळवारची रिकामी खोली बुधवारी विकता येत नाही. त्या दिवशी एकटा पाहुणा आला तर जादा खर्च किती? जेवणाचे ८००, चादरी-साफसफाई-वीज मिळून समजा ५००, एकूण १३००. त्याच्याकडून ३००० घेतले तरी १७०० हातात राहतात, आणि नाही म्हटलं तर शून्य. क्रूझ सुटली की आठवड्याचे सातही दिवस तिच्या बहुतेक केबिन लागलेल्या असतात. तरीही रिकाम्या राहणाऱ्या केबिन ती सुटण्याआधी एकट्यांना सवलतीत देते. आपलं निम्म्याहून जास्त वर्ष रिकामं जातं आणि आपण दुप्पट मागतो. एकटे पाहुणेही बहुतेक आठवड्याच्या मधलेच असतात. निवृत्त शिक्षक, मधल्या वारी साप्ताहिक सुटी असलेली नर्स, लॅपटॉपवर काम करणारा तरुण, परीक्षेचे पेपर तपासून दमलेली प्राध्यापिका. यांना शनिवारचा डीजे नकोच असतो.

मालकांचा पहिला आक्षेप पावसाळ्याचा. 'एकटी पोरं म्हणजे दारू, धबधबा आणि पोलीस.' या म्हणण्यामागे खरं दुःख आहे. आषाणे-भिवपुरीचा धबधबा, पळसदरी, सोलनपाडा, खोपोलीचा झेनिथ या ठिकाणी बुडून माणसं गेली आहेत, आणि प्रशासन पावसाळ्यात इथे मनाई आदेश काढतं ते उगाच नाही. पण नीट पाहिलं तर हा त्रास एकट्या माणसाचा नाही, टोळक्याचा आहे. एकमेकांना चढवायला, व्हिडिओ काढायला, पैज लावायला सोबत लागते. आपण 'स्टॅग' या एका पाटीखाली आठ मित्रांचं टोळकं आणि पुस्तक घेऊन आलेला पन्नाशीचा गृहस्थ यांना एकत्र मोजतो, आणि पहिल्याच्या धास्तीने दुसऱ्याला घालवतो. उलट उदाहरण याच कर्जतच्या फलाटावर दर शनिवारी रात्री दिसतं. शेवटच्या लोकलने मुंबईचे ट्रेकिंगवाले उतरतात, फलाटावर पथाऱ्या टाकतात आणि पहाटे जीपने आंबिवलीला, पेठच्या किल्ल्याकडे निघतात. त्या गटांत एकेकटी नाव नोंदवून आलेली, त्या रात्रीच एकमेकांना भेटलेली मुलं-मुली असतात. वर्गणी माणशी, तंबू वाटून, जेवण गावातल्या घरात. एकटा पाहुणा सांभाळता येतो याचा पुरावा आपल्या दारातच आहे.

दुसरा आक्षेप मोठ्याने कोणी बोलत नाही. खासगीत सगळेच बोलतात. एकटा माणूस जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायला आला असेल तर? ही भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. लॉज चालवणाऱ्याला पोलीस पंचनामा, बदनामी आणि मनावर राहणारा ओरखडा, तिन्ही भोगावे लागतात. पण दार लावून घेण्याने तो माणूस वाचत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जातो. जहाजावर याचं उत्तर नोकरांच्या कामातच गुंफलेलं असतं. केबिन स्टुअर्ड दिवसातून दोनदा खोलीत जातो; पलंग वापरला नाही, ताट परत आलं नाही, दोन दिवस दार उघडलं नाही, तर ते वरिष्ठांच्या कानावर घालणं हे त्याचं काम असतं. जेवणाच्या टेबलावर रिकामी राहिलेली खुर्चीही कोणाच्या तरी नजरेला येते. म्हणजे एकट्याला माणसांत बसवणारी जी सोय पाहुणचाराची, तीच सुरक्षिततेचीही. आपल्याकडेही एवढं करता येतं. चेक-इनला ओळखपत्राबरोबर घरच्या एका माणसाचा नंबर घ्यावा, संध्याकाळी चहाला बाहेर बोलवावं, कामावरच्या पोरांना काय पाहायचं ते शिकवून ठेवावं, आणि १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर प्रत्येक खोलीत लावावा. शंका आली तर सरळ चौकशी करावी. एकट्या प्रौढ माणसाला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही; रजिस्टर नीट भरणं आणि ओळख पटवणं एवढीच आपली जबाबदारी असते.

बाईमाणसाच्या बाबतीत मात्र आक्षेप वेगळा आहे आणि त्यात तथ्य जास्त आहे. जहाजावर चढणाऱ्या-उतरणाऱ्याचं कार्ड शिडीजवळ तपासलं जातं. परका माणूस आत येऊच शकत नाही. कर्जत स्टेशनपासून रिसॉर्टपर्यंतचा शेवटचा टप्पा तसा नाही. अंधार पडल्यावर कशेळे-खांडसकडे मिनिडोर मिळत नाही, मधे मोबाइलची रेंज जाते, फार्महाउसचा फाटा कळत नाही. एकट्या बाईने कर्जतला येऊ नये असं याचं उत्तर देणारे लोक तिला घरी बसवून प्रश्न सुटला असं मानतात. खरं तर हा रस्त्याचा प्रश्न आहे आणि तो गाडी पाठवून सुटतो. ओळखीच्या ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर आधी कळवायचा, स्टेशनवरून घ्यायचं, खोलीला आतून धड कडी असेल हे पाहायचं, रात्री आवारात एक बाई कामाला ठेवायची. मुंबई-पुण्याच्या नोकरदार बायका या चार गोष्टींसाठी जास्तीचे पैसे आनंदाने देतात. दुसऱ्या माणसाच्या न खाल्लेल्या जेवणासाठी द्यायला त्या तयार नसतात.

छोट्या मालकाचा आक्षेप स्वयंपाकघरातून येतो. जहाजावर हजारोंचं रांधतात, एकाने काय फरक पडतो. इथे एका ताटासाठी गॅस पेटवायचा, पनीर आणायचं, चार भाज्या करायच्या? अडचण खरी आहे, पण ती आपणच वाढवून घेतलेली आहे. पाहुणा आला की पंजाबी ग्रेव्हीच लागते हे कोणी ठरवलं? आठवड्याच्या मधल्या वारीही आवारात माळी, वॉचमन, साफसफाई करणाऱ्या वाडीवरच्या बायका असतात आणि त्यांच्यासाठी चूल पेटतेच. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीचं कालवण, पावसाळा लागला की शेवळं नाहीतर टाकळ्याची भाजी. त्यात एक ताट वाढवायला काही पडत नाही, आणि एकटा पाहुणा याच जेवणावर खूश असतो, कारण त्याला समोरच्या कोणाला थाट दाखवायचा नसतो. ते ताट खोलीत न नेता पडवीत सगळ्यांबरोबर वाढलं तर जहाजाच्या आठ जणांच्या टेबलाचं कामही तिथेच होतं. यात आणखी एक हिशेब आहे. शनिवार-रविवारपुरती मजुरी मिळणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांना मधल्या वारी पाहुणे असले तर आठवडाभर काम मिळतं, आणि सरावलेलं माणूस दर शुक्रवारी नव्याने शोधावं लागत नाही.

शेवटचा आक्षेप घराघरातला आहे. घरचे मागे ठेवून एकट्याने मौज करणं म्हणजे आपमतलबीपणा, आणि एवढं करून तिथे जाऊन करमणार नाही ते वेगळंच. करमत नाही हे काहींच्या बाबतीत खरं आहे. प्रत्येकाने एकटं जावंच असं कोणी म्हणत नाही. पण जहाजावरच्या एकट्या प्रवाशांना वर्षानुवर्षं जेवण वाढताना एक दिसतं. त्यातले बरेच जण घरी दुसऱ्याचं करून आलेले असतात. आजारी आईचं, नातवंडांचं, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं. चार दिवस कोणाच्या औषधाची वेळ आपल्या डोक्यात नसावी एवढीच त्यांची चैन असते. कुटुंबाबरोबरच्या सहलीतही या माणसांना सुटी नसते, तिथेही तीच माणसं डबे भरतात आणि बॅगा मोजतात. त्यांनी एकटं जाणं आपमतलबी म्हणायचं, तर मग सुटी कोणाला द्यायची हे आधी ठरवावं लागेल. क्रूझवर खर्च जास्त होतो, समुद्र लागतो, जहाजं इंधन आणि कचऱ्याने समुद्र खराब करतात, हे आक्षेपही खरे आहेत. उलट त्यामुळेच दोन तासांच्या लोकलवरची सुटी जास्त पटण्यासारखी आहे.

तेव्हा आपल्या भागातल्या मालकांना सांगणं एवढंच. दरपत्रकावर एक ओळ वाढवा: सोमवार ते गुरुवार, एका माणसासाठी, जेवण आणि स्टेशनवरून आणण्यासह, अमुक रुपये. शनिवारी हवं तर खोलीचे पूर्ण पैसे घ्या, पण जेवणाचे एकाचेच घ्या, आणि ते फोनवर न अडखळता सांगा. एका खोलीपासून सुरुवात करा. ती खोली त्या वारी नाहीतरी रिकामीच आहे, त्यामुळे प्रयोग फसला तरी गमावण्यासारखं काही नाही. आणि एकट्याने निघणाऱ्यांनी आपण एकटे का आहोत याचा खुलासा देत बसू नये. जहाजाच्या खिडकीवर जसा दर विचारतो तसा इथेही विचारावा, दुसऱ्याच्या जेवणाचे पैसे कशाला म्हणून हिशेब मागावा, आणि नाही म्हणणाऱ्याला सोडून पुढचा नंबर लावावा. असे फोन पुरेसे यायला लागले की दरपत्रकं बदलतात. क्रूझच्या धंद्यातही ती तशीच बदलली.